कैवल्यधाम
योगशास्त्राचे प्रायोगिक व ग्रंथनिष्ठ संशोधन करणारी महाराष्ट्रातील एक अग्रगण्य संस्था. ती पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, मुंबई–पुणे लोहमार्गावरील लोणावळा येथे असून तिची स्थापना स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये केली. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे होते. योगाची दीक्षा त्यांना गुजरातेतील मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून मिळाली.

योगक्रियांचे परंपरेने सांगितलेले परिणाम उपकरणांच्या साहाय्याने पडताळून पाहावेत, हे संस्थेचे मूळ सूत्र होय. बस्तिक्रियेत नळीवाटे पाणी बृहदांत्रात कसे शिरते, हा प्रश्न या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कुवलयानंदांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचा अभ्यास केला. नौलीच्या वेळी बृहदांत्रातील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी होतो व या आंशिक निर्वातामुळे पाणी आत ओढले जाते, असे त्यांना आढळले. गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी या निर्वातास ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. हे निष्कर्ष १९२४ मध्येच सुरू झालेल्या योगमीमांसा या इंग्रजी नियतकालिकातून प्रसिद्ध झाले.

पुढे परदेशी अभ्यासकांचेही लक्ष या कार्याकडे वेधले गेले. येल विद्यापीठाशी संबंधित मानसशास्त्रज्ञ के. टी. बेहानन यांनी कुवलयानंदांकडे योगाभ्यास करून १९३७ मध्ये योगाचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. संस्थेतील करंबेळकर, विणेकर व भोळे यांनी हवाबंद कक्षात राहणाऱ्या व्यक्तींवर केलेला अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात योगाभ्यासींबरोबरच सामान्य व्यक्तींचीही तपासणी केलेली असल्याने तुलनेस आधार मिळाला.

ग्रंथसंशोधन हे कार्याचे दुसरे अंग आहे. हस्तलिखितांतील पाठभेद ताडून संस्थेने हठप्रदीपिका (१९७०) व घेरंडसंहिता (१९७८) यांच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. एखाद्या क्रियेचे मूळ वर्णनच संदिग्ध असेल, तर तिच्यावरील प्रयोगही निश्चित ठरत नाही. म्हणून प्रयोगशाळा व ग्रंथालय ही येथे परस्परांस पूरक ठरतात. अध्यापनासाठी १९५१ मध्ये योगमहाविद्यालय सुरू झाले. योगोपचारासाठी रुग्णालयही आहे.

प्रारंभीचे प्रयोग मोजक्याच व्यक्तींवर झाले होते. एखाद्या क्रियेत शरीरात काय घडते हे दाखविण्यास ते पुरेसे ठरतात. तथापि त्या क्रियेने अमुक रोग बरा होतो, हे सिद्ध करण्यास मोठ्या रुग्णसमूहांची नियंत्रित तुलना आवश्यक असते. योगाचा जगभर प्रसार झाल्यानंतर हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरला आहे. श्रद्धेचा विषय मानल्या गेलेल्या विद्येस मोजमापाची शिस्त लावणे, हे या संस्थेचे विशेष योगदान होय.