ऑफ-रोड पार्ट्सचं नवीन दुकान: आधी काय घ्यायचं आणि काय शेल्फवरच राहू द्यायचं

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकला पण आकडे डोक्यावरून गेले, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडेमोड जरा नीट मांडली आहे.

थार, जिमनी किंवा गुरखा घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच एक प्रश्न छळायला लागतो: "आता हिला काय काय लावायचं?" इन्स्टावर रील्स बघून यादी तयार होते. मोठे टायर, लिफ्ट किट, विंच, स्नॉर्कल, छतावर लाइट बार. यादीत चुकीचं काहीच नाही. पण एक गोष्ट रीलमध्ये कोणी सांगत नाही: गाडीला लावलेला प्रत्येक पार्ट काहीतरी देतो आणि त्या बदल्यात दुसरीकडून काहीतरी काढून घेतो. काय काढून घेतो हे माहीत असेल तर खुशाल लावा. आजचा एपिसोड त्या दुसऱ्या बाजूबद्दल आहे.

निमित्त झालं पिंपरी-चिंचवडमध्ये उघडलेल्या एका नवीन दुकानाचं. फक्त फोर बाय फोरचे पार्ट्स. मी गेलो ते मावसभावासोबत. त्याने सेकंडहँड थार घेतली आहे, नवीन बॉडीची, म्हणजे २०२० नंतरची. साठवलेले एक लाख रुपये खिशात आणि फोनमध्ये लांबलचक यादी. त्याचा वापर काय? रोज पुण्यात ऑफिस, शनिवार-रविवार मुळशीतलं गाव. घरापर्यंतचा शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात नुसता चिखल. आणि गाडीत बहुतेक वेळा माझी मावशी.

ओपनिंग म्हणजे आपल्याकडचं ओपनिंग. दाराला झेंडूचं तोरण, आत पूजा, हातात पेढा आणि "आजच्या दिवसापुरता" डिस्काउंट. बाहेर चार-पाच मॉडिफाइड गाड्या उभ्या आणि त्यांच्याभोवती सेल्फीची गर्दी. आत एका भिंतीवर शॅकल आणि दोर, दुसऱ्या भिंतीवर टायर. मागे पिटवर एक वयस्कर फिटर काका, ज्यांच्याशी बोलायला कोणीच थांबत नव्हतं. आम्ही थांबलो. पुढचं बरंचसं त्यांच्याशी झालेल्या गप्पांमधून आलंय.

टायर: सगळ्यात जास्त फरक इथेच

टायरचे ढोबळ तीन प्रकार. एचटी म्हणजे डांबरी रस्त्यासाठीचा. एमटी म्हणजे चिखलासाठीचा, मोठमोठ्या गुट्ट्यांचा. एटी म्हणजे दोन्हीच्या मधला. एमटी दिसायला भारी, पण रस्त्यावर आवाज करतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते, कारण रबराचा कमी भाग रस्त्याला टेकतो. आता विचार करा, मुळशीला जाणारा माणूस वर्षातले चार महिने ओल्या डांबरावरच असतो. चिखल दोन किलोमीटर, डांबर पन्नास.

मग साइज. थारच्या १८ इंची रिमवरचा कंपनीचा टायर २५५/६५ आर१८. त्याचा व्यास साधारण ७८९ मिमी. भावाला हवा होता ३३ इंची, म्हणजे ८३८ मिमी. फरक ४९ मिमी, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, जेमतेम २५ मिमी. हा झाला फायदा. आता दुसरी बाजू बघा:

- चाकाचा घेर ६ टक्क्यांनी वाढला. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे तो आता आधीपेक्षा ६ टक्के कमी वेग दाखवणार. आधी ज्या वेगाला काटा ८५ वर असायचा, तिथे आता ८० वर दिसेल.
- गिअर तेवढेच "उंच" झाले. चढावर गाडी दमल्यासारखी वाटणार, क्लच जास्त वापरला जाणार.
- टायर जड आणि मोठा, ब्रेक मात्र तोच. थांबवायला जास्त जोर लागणार.

आपल्या भाषेत सांगायचं तर एका लायब्ररीचं व्हर्जन बदललं आणि तिच्यावर अवलंबून असलेलं बाकी सगळं तसंच ठेवलं. कोड कंपाइल होतो, पण प्रॉडक्शनमध्ये रडतो.

काकांनी विचारलं, "हवा किती ठेवता चिखलात?" भाऊ म्हणाला, "बत्तीसच." काका हसले. "मग टायर कशाला बदलताय? आधी हवा कमी करून बघा की."

यामागचं गणित सोपं आहे. समजा एका चाकावर ५०० किलो भार आहे. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.२५ किलो. ५०० भागिले २.२५, म्हणजे जमिनीला टेकलेला भाग सुमारे २२० चौरस सेंटिमीटर. हवा १८ पीएसआयवर आणली की तोच भाग ३९० च्या पुढे जातो. टायरची बाजूची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून आकडे ढोबळ धरा, पण दिशा बरोबर आहे: एक रुपया खर्च न करता पायाचा ठसा दीडपटीहून मोठा झाला. मात्र १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरावर परत येण्याआधी हवा भरायलाच हवी. कमी हवेवर वेगात गेलं की टायर तापतो आणि फुटू शकतो. म्हणून यादीत पहिला नंबर लागला प्रेशर गेज आणि चांगल्या एअर कॉम्प्रेसरचा.

लिफ्ट किट: उंची फुकट मिळत नाही

लिफ्टमुळे बॉडी उचलली जाते, पुढचा-मागचा कोन सुधारतो, मोठा टायर बसायला जागा होते. पण थारला मागे सलग एक्सल आहे. त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. म्हणजे दगड मागच्या गोळ्याला लागत असेल तर लिफ्टचा उपयोग शून्य.

बदल्यात काय जातं? स्थिरता. गाडी वळणावर उलटायची शक्यता ढोबळपणे दोन गोष्टींवर ठरते: चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. पहिल्याच्या निम्म्याला दुसऱ्याने भागायचं. उदाहरणापुरतं अंतर १५२० मिमी आणि उंची ७०० मिमी धरली तर उत्तर १.०९. गुरुत्वमध्य ५० मिमी वर नेला तर १.०१. सात टक्के गेले. सपाट रस्त्यावर कळणारही नाही. ताम्हिणी घाटात उतारावर समोरून अचानक एसटी आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं की तेच सात टक्के आठवतील. शिवाय शाफ्ट आणि जॉइंट्सचे कोन बदलतात, झीज वाढते आणि व्हील अलाइनमेंट पुन्हा करावी लागते.

इथे भावाने वाद घातला. "दादा, सगळेच लावतात रे!" मी म्हटलं, "सगळ्यांच्या गाडीत मावशी बसत नाही." तिचे गुडघे आताच कुरकुरतात. दोन इंच उंच झालेल्या थारच्या मागच्या सीटवर ती चढणार कशी, याचं उत्तर कुठल्याच रीलमध्ये नव्हतं. तो गप्प झाला आणि त्यानेच यादीतलं लिफ्ट खोडलं.

दोर आणि शॅकल: इथे जीव जातो

दुकानात सगळ्यात कमी गर्दी होती ती या भिंतीपाशी. खरं तर सुरुवात इथून व्हायला हवी.

अडकलेली गाडी ओढायचे दोर दोन जातीचे. टो स्ट्रॅप ताणत नाही. तो सावकाश ओढण्यासाठी. कायनेटिक रोप नायलॉनचा, साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणतो आणि रबरबँडसारखा झटका देतो. टो स्ट्रॅप किंवा साखळी लावून गाडी पळवत झटका मारणं म्हणजे थेट अपघाताला आमंत्रण.

का, ते बघा. २००० किलोची गाडी ताशी फक्त १० किमीने चालली आहे. तिच्यात सुमारे ७,७०० ज्यूल ऊर्जा असते. दोर ताणला आणि ज्याला बांधला होता तो हुकच तुटला. त्या ऊर्जेचा दहावा हिस्सा जरी दीड किलोच्या आसपासच्या लोखंडी शॅकलमध्ये गेला, तरी ते ताशी ११० ते १२० किमी वेगाने सुटतं. गोफणीतल्या दगडासारखं. समोर काच असेल किंवा माणूस.

म्हणून काकांचे नियम, जसेच्या तसे: दोर बंपरला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला कधीच बांधायचा नाही. गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असलेली कडी आणि ओढण्यासाठीचा हुक या वेगळ्या गोष्टी आहेत. मॅन्युअल उघडून बघा. शॅकलवर क्षमता कोरलेली नसेल तर ते घ्यायचं नाही. ताणलेल्या दोरावर जाड पोतं किंवा डॅम्पर टाकायचा. आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही बघ्या नको, व्हिडिओ काढणारा तर नकोच.

विंच घ्यायचीच असेल तर हिशोब असा: भरलेल्या गाडीचं वजन गुणिले दीड. २३०० किलोची गाडी असेल तर ३४५० किलो, म्हणजे साधारण ७,६०० पाउंड. आणि डब्यावर छापलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थरासाठी असते. दोराचे जितके थर ड्रमवर शिल्लक, तितकी ओढ कमी.

स्नॉर्कल आणि लाइट बार

स्नॉर्कल इंजिनाचं नाक वर नेतो, एवढंच. पाणी इंजिनात गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. स्नॉर्कल हा धोका कमी करतो. पण एक्सलचे ब्रीदर, वायरिंग आणि अल्टरनेटर तिथेच खाली राहतात, आणि वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला लागते ते थांबवणारा पार्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. थारची कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिमी आहे. तीही संथ पाण्यासाठी, पुलावरून वाहणाऱ्या ओढ्यासाठी नाही.

लाइट बार रस्त्यावर लावलात तर समोरचा दुचाकीवाला आंधळा होतो. रस्त्यावर बंद आणि कव्हर घातलेला, हाच नियम.

कायदा आणि इन्शुरन्स

समोरचा लोखंडी बुल बार तर सोडूनच द्या. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे. पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इन्शुरन्स कंपनीला न कळवता बदल केले तर क्लेम अडकू शकतो. म्हणून पार्ट घेण्याआधी दोन फोन करा: एक आरटीओच्या कामातल्या माहितगाराला, दुसरा इन्शुरन्सला. डिस्काउंट आजच्यापुरता असला तरी.

मग घेतलं काय?

भावाने कंपनीच्याच साइजचे एटी टायर, कॉम्प्रेसर, गेज, क्षमता कोरलेली दोन शॅकल, एक कायनेटिक रोप, फावडं आणि जाड हातमोजे घेतले. लाखातले पैसे उरले. काका म्हणाले, उरलेल्यातून एक दिवस चांगल्या माणसाकडून गाडी चालवायचं ट्रेनिंग घ्या, तो पार्ट कधी गंजत नाही.

आणि एक, पार्ट्सइतकंच महत्त्वाचं. गाडी जाऊ शकते म्हणून सगळीकडे न्यायची नसते. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. सड्यावरची पातळ माती एकदा चाकाखाली गेली की तिथली फुलं वर्षानुवर्षं परतत नाहीत. चिखलाची हौस परवानगी असलेल्या ट्रॅकवर भागवा.

तुमच्याकडे कुठली गाडी आहे, ती खरोखर कुठल्या रस्त्यावर चालते आणि तुमच्या यादीत पहिला पार्ट कुठला, हे व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात घेऊ, आणि प्रत्येक पार्टपुढे एकच प्रश्न विचारू: हा देतो काय, आणि नेतो काय? भेटूच.