सैनिकाचा काळा चष्मा

१ ऑगस्ट २०१० रोजी जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी अफगाणिस्तानातल्या आपल्या सैनिकांसाठी एक सूचनापत्र काढलं. आंतरराष्ट्रीय फौजांची सूत्रं त्यांनी महिनाभरापूर्वीच हाती घेतली होती आणि लाखाहून अधिक सैनिक त्यांच्या हुकमतीखाली होते. पत्रात तोफांचा किंवा विमानांचा बडेजाव नव्हता. लोकांमध्ये जाऊन राहा, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्या, त्यांच्याबरोबर भरपूर चहा प्या, गाडीतून भुर्रकन निघून जाण्याऐवजी पायी गस्त घाला, अशा सूचना होत्या. त्यातच एक छोटीशी सूचना होती: गॉगल काढा. कारणही दिलं होतं. भोवतालची परिस्थिती समोरासमोर बोलूनच कळते, चिलखती गाडीच्या जाड काचेतून किंवा गॉगलच्या काचेतून कळत नाही. पत्रात गॉगलसाठी 'ओकली' हे एका कंपनीचं नावच वापरलं होतं, यावरून तो चष्मा सैनिकांच्या अंगवळणी किती पडला होता हे समजावं.

याच सेनापतींनी दोन वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, इराकमधल्या सैन्याला असंच पत्र दिलं होतं. त्यात पायी गस्त होती, गाडीची जाड काच होती, पण गॉगल नव्हता. दोन वर्षांत तो यादीत आला. चार तारे लावणाऱ्या सेनापतीला नाकावरच्या चष्म्याबद्दल लेखी हुकूम काढावा लागतो, तेव्हा त्या चष्म्यानं काहीतरी बिघडवलेलं असतं.

आधी सैनिकाची बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. इराक-अफगाणिस्तानातलं ऊन, वाऱ्याबरोबर उडणारी बारीक धूळ आणि वाळूवरून परतणारी तिरीप यांत उघड्या डोळ्यांनी आठ-दहा तास पहारा करणं अवघड असतं. शिवाय तिथला मुख्य धोका समोरून येणाऱ्या गोळीचा नव्हता. तो रस्त्याकडेला पुरलेल्या स्फोटकांचा होता. असा स्फोट झाला की दगड, काच आणि पत्र्याचे बारीक तुकडे चेहऱ्यावर येतात. शरीराच्या एकूण पृष्ठभागात डोळ्यांचा वाटा एक टक्काही नाही, पण अलीकडच्या युद्धांतल्या जखमींमध्ये डोळ्याला इजा झालेल्यांचं प्रमाण त्याच्या कित्येक पट आहे. म्हणून अमेरिकी सैन्यानं संरक्षक चष्म्यांची मान्यताप्राप्त यादीच केली. त्या यादीतला चष्मा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगानं येणारा धातूचा बारीक तुकडा अडवू शकतो. या चष्म्यांनी कित्येकांची दृष्टी वाचवली आहे.

आणखी एक कारण आहे, ते कुठल्या यादीत लिहिलेलं नसतं. रस्त्यावर उभा असलेला सैनिक अनेकदा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असतो. भाषा येत नाही, गर्दीतला कोण कोण हे कळत नाही, आणि पोटात गोळा आलेला असतो. काळ्या काचेआड ही भीती झाकली जाते. आपण कुठे पाहतोय हे समोरच्याला कळत नाही, हाही फायदाच.

पण सैनिकाचा हा फायदा समोर उभ्या असलेल्या माणसाला महागात पडतो.

माणसाचा डोळा प्राण्यांमध्ये जरा वेगळा आहे. हिरोमी कोबायाशी आणि शिरो कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये अनेक जातींच्या माकडांचे आणि वानरांचे डोळे तपासून दाखवून दिलं की बुबुळाभोवती एवढा मोठा आणि उघडा पांढरा भाग माणसाइतका कुणालाच नाही. त्या पांढऱ्या भागामुळे आपली नजर कुठे वळली हे दुसऱ्याला लांबूनही कळतं. असा डोळा मुळात का घडला यावर अजून वाद आहेत, पण त्याचा उपयोग आपण रोज करतो. रस्ता ओलांडताना आपण गाडीकडे पाहतो खरे, पण पाऊल टाकतो ते ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे पाहून. त्यानं आपल्याला पाहिलं एवढं कळलं की झालं. तपासणी नाक्याकडे गाडी हळूहळू नेणारा बगदादचा टॅक्सीवाला याच खुणेच्या शोधात असतो. याने मला पाहिलं का? हा वैतागलाय की घाबरलाय? हात वर केला तो थांब म्हणून की ये म्हणून? नाक्यावर गैरसमजातून गाडीतली निरपराध माणसं मारली जाण्याचे प्रकार इराकमध्ये वारंवार घडले. त्या साऱ्यांचं खापर गॉगलवर फोडणं मूर्खपणाचं होईल. वेग, अंधार, आत्मघाती गाड्यांची भीती ही कारणं मोठी आहेत. पण दिवसाउजेडी जी एक खूण फुकट मिळू शकत होती, ती काळ्या काचेनं काढून घेतली.

नजर कळेनाशी झाली की लोक ती कल्पनेनं भरून काढतात. २००३ साली इराकमध्ये एक अफवा जोरात होती: अमेरिकनांच्या गॉगलमधून आणि रात्री पाहायच्या दुर्बिणींमधून बायकांच्या कपड्यांच्या आरपार दिसतं. आपण हसून सोडून देऊ, पण फलुजातल्या लोकांनी ती हसून सोडली नाही. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेच्या ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या सैनिकांनी त्या शहरातल्या एका शाळेत मुक्काम ठोकला. वरच्या मजल्यावरून आणि गच्चीवरून ते दुर्बिणीतून आसपासच्या घरांतल्या बायकांना न्याहाळतात, अशी लोकांची तक्रार होती. सैनिक बहुधा छतांवर बंदूकवाले शोधत होते. २८ एप्रिलच्या रात्री शाळा रिकामी करा म्हणत जमाव तिथे गेला आणि सैनिकांनी गोळीबार केला. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेच्या चौकशीनुसार १७ माणसं मेली आणि ७० हून अधिक जखमी झाली. आधी जमावातून गोळ्या आल्या, असं सैन्याचं म्हणणं होतं. लोकांनी ते नाकारलं. फलुजा पुढे काय झालं हे जगाला ठाऊक आहे. त्या रात्रीमागे कारणं अनेक होती, पण 'हे आमच्या बायकांकडे पाहतात' ही तक्रार त्यात ठळक होती. डोळे दिसत असते तर ते कुठे पाहतायत हे निदान कळलं असतं.

अशा समाजात पाहणं ही साधी गोष्ट नसते. आपल्याकडेही थोरांशी बोलताना गॉगल उतरवायची रीत आहे. न उतरवणाऱ्याला 'फार शहाणा झालास का' असं ऐकावं लागतं. आणि परक्या बाईकडे टक लावून पाहणाऱ्याबद्दल काय बोललं जातं ते वेगळं सांगायला नको. पश्तुन गावात या दोन्ही रीती अधिक कडक आहेत. पुरुषाशी बोलताना हात छातीवर ठेवून त्याच्या डोळ्यांत पाहावं, घरातली बाई समोर आली तर नजर दुसरीकडे वळवावी. म्हणजे नुसता गॉगल काढून भागत नाही. उघडे डोळे कुठे ठेवायचे हेही शिकावं लागतं. अमेरिकी मरीन दलाला २००९ मध्ये अफगाण बायकांशी बोलण्यासाठी स्त्री-सैनिकांची वेगळी पथकं काढावी लागली, ती यामुळेच.

काळ्या चष्म्याची दहशत काही अमेरिकनांनी शोधून काढलेली नाही. हैतीचा हुकूमशहा फ्रांस्वा दुव्हालिए याच्या 'तोंतों माकूत' या खासगी फौजेची ओळखच काळा चष्मा ही होती. १९७१ मध्ये फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञानं स्टॅनफर्ड विद्यापीठात लुटुपुटीचा तुरुंग उभारला, तेव्हा पहारेकरी झालेल्या विद्यार्थ्यांना आरशासारखे गॉगल दिले. ही कल्पना त्याला 'कूल हँड ल्यूक' या चित्रपटावरून सुचली होती. चष्म्यामुळे माणूस निर्दय होतो याचा पुरावा म्हणून हा प्रयोग अजूनही सांगितला जातो. माझ्या मते सांगू नये. पहारेकऱ्यांनी कसं वागावं हे त्यांना आधीच सुचवलं गेलं होतं, हे आता पुरेसं उघड झालं आहे. प्रयोगातून एवढंच दिसतं की दहशत उभी करायची तर डोळे झाका, हे झिंबार्डोला आधीपासून ठाऊक होतं.

ब्रिटिशांनी वेगळी वाट धरली असं तेव्हा कौतुकानं लिहिलं गेलं. उत्तर आयर्लंडमध्ये त्यांचं सैन्य १९६९ पासून तीन दशकांहून अधिक काळ रस्त्यावर होतं आणि गस्तीवरच्या शिपायानं लोकांना कसं दिसावं याचा धडा त्यांनी तिथे गिरवला होता. एप्रिल २००३ मध्ये बसरा हाती आल्यावर त्यांनी लवकरच शिरस्त्राणं उतरवून बेरे टोप्या घातल्या, गॉगल काढले आणि बाजारातून पायी फिरू लागले. (बसरा आपल्याला मोत्यांमुळे माहीत. पण नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांसाठी हेच शहर घेणाऱ्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये ११७ वी मराठा पलटण होती, हेही लक्षात असू द्यावं.) अमेरिकनांनी ब्रिटिशांकडून शिकावं, असे लेख त्या वसंतात बरेच आले.

मग २४ जून २००३ उजाडला. बसऱ्याच्या उत्तरेला माजर अल-कबीर नावाच्या गावात, पोलीस ठाण्यात गेलेल्या सहा ब्रिटिश लष्करी पोलिसांना जमावानं ठार मारलं. गावकऱ्यांचा राग हत्यारांसाठी होणाऱ्या घरझडत्यांवर होता: घरात शिरलेले सैनिक, त्यांचे कुत्रे, बायकांच्या खोल्या. बाजारात डोळ्यांत पाहून हसणारे सैनिक घरात बायकांच्या खोल्यांपर्यंत शिरत असतील, तर त्या हसण्याला किंमत उरत नाही. पुढे सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटिशांनी बसरा शहरातला शेवटचा तळही सोडला. तोवर शहर सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेलं होतं.

याच्या उलट एक प्रसंग आहे नजफचा, ३ एप्रिल २००३ चा. लेफ्टनंट कर्नल ख्रिस्तोफर ह्यूजेस आपली तुकडी घेऊन अयातुल्ला सिस्तानी यांच्या भेटीला निघाले होते. हे अलींच्या दर्ग्यात घुसणार, असं समजून रस्त्यावर जमाव खवळला. ह्यूजेस यांनी बंदूक उलटी धरली आणि सैनिकांना हुकूम दिला: गुडघा टेका, बंदुका जमिनीकडे करा, हसा. मग सगळे हळूहळू मागे सरले. एकही गोळी सुटली नाही. डॅन बॉम या पत्रकारानं या प्रसंगाचं वर्णन लिहिलं आहे आणि त्यात एक बारकावा टिपला आहे. हुकूम देताना ह्यूजेस यांच्या डोळ्यांवर गॉगल होता. तरीही गर्दीला जे समजायचं ते समजलं, कारण सशस्त्र माणसानं गुडघा टेकून स्वतःला धोक्यात घातलेलं लांबूनही दिसतं.

फलुजा, माजर अल-कबीर आणि नजफ शेजारी ठेवले की पेट्रेयस यांच्या सूचनेचं मर्म मला असं दिसतं: चष्मा काढणं म्हणजे आपल्या वाट्याचा थोडा धोका उघडपणे अंगावर घेणं. शेतकऱ्याच्या डोळ्यांवर काही नसतं, त्याच्या गाडीला चिलखत नसतं, आणि रस्त्यातला सुरुंग त्यालाही तितकाच उडवतो. समोरचा सैनिक त्यातलं थोडंतरी आपल्याबरोबर वाटून घेतोय का, हे तो पाहत असतो.

वास्तविक दोन्ही साधणं शक्य होतं. त्याच मान्यताप्राप्त चष्म्यांना पारदर्शक काचाही मिळतात, मिनिटभरात बदलता येतात आणि तुकडे तितकेच अडवतात. म्हणजे डोळा वाचवायला काच लागते, ती काळी असायची गरज नाही. काळी लागते ती उन्हासाठी, रुबाबासाठी आणि भीती झाकण्यासाठी. उन्हाचं सोडलं तर बाकीच्या दोन कारणांवर हुकूम चालणं कठीण.

सूचना निघून दोन वर्षंही झाली नव्हती, तोच अफगाणिस्तानात वेगळंच संकट आलं. परदेशी फौजांबरोबर काम करणारे अफगाण शिपाई आणि पोलीस आपल्याच सोबत्यांवर गोळ्या झाडू लागले. २०१२ मध्ये पेट्रेयस यांच्यानंतर आलेल्या जनरल जॉन ॲलन यांच्या काळात नवी व्यवस्था लागू झाली. अफगाण सहकाऱ्यांसोबत बैठक असेल तर एका सैनिकानं चर्चेत भाग घ्यायचा नाही, भरलेली बंदूक घेऊन बाजूला उभं राहायचं आणि पाहुण्यांवर नजर ठेवायची. त्याला नाव दिलं 'गार्डियन एंजल', म्हणजे राखणदार देवदूत. आता अधिकारी चष्मा काढून, मांडी घालून, अफगाण सुभेदाराच्या डोळ्यांत पाहत चहा पीत असे, आणि सुभेदाराचं अर्धं लक्ष भिंतीशी उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या सैनिकाकडे असे.