हजाराच्या आतली लाल

गेल्या आठवड्यात पांढऱ्या वाईनची ओळख झाली. तिच्यात स्वस्त आणि मस्त बाटली मिळवणं त्या मानानं सोपं. लाल वाईनचा मामला जरा खर्चिक आहे, आणि त्यातला बराच खर्च लाकडावर होतो.

फ्रेंच ओकच्या नेहमीच्या पिंपात 225 लिटर वाईन मावते, म्हणजे 300 बाटल्या. नवं पिंप हजार युरोंच्या आसपास पडतं. सगळा खर्च पहिल्याच हंगामावर टाकला, तर बाटलीमागे तीनशे रुपये नुसत्या लाकडाचे झाले. वर्षभर माल अडकून पडतो तो वेगळाच. पिंपं तीन-चार हंगाम चालवतात म्हणून हा आकडा खाली येतो, तरी हजाराच्या आतल्या बाटलीला तो झेपत नाही. मग स्टीलच्या टाकीतच ओकच्या पट्ट्या किंवा चिप्स सोडायच्या, ही जगभरची सर्रास पद्धत. त्यात बेकायदा काही नाही, अपायकारकही नाही. पण स्वस्त बाटली उघडल्यावर फळाच्या आधी व्हॅनिलाच नाकात शिरली, तर आतलं द्राक्ष बेताचं असण्याची शंका घ्यायला हरकत नाही. खिसा बेताचा असेल तर लाकडाचा नाद सोडावा आणि पैसे द्राक्षाला द्यावेत.

ते द्राक्षही वेगळं. बाजारात मिळणारं थॉमसन किंवा सोनाका खायला उत्तम, लाल वाईनला निरुपयोगी. शिराझ या वाईनच्या वाणाचा मणी जेमतेम करवंदाएवढा, साल जाड, आत बिया. चिमटीत दाबला की साल बोटांना रंग लावून जाते आणि गर बाहेर येतो तो जवळजवळ बिनरंगी. लाल वाईनचा रंग सालीचा आणि तुरटपणा साल-बियांचा, म्हणूनच रस सालींसकट आंबवतात. आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात. वाइनरीतली माणसं टाकीच्या तळाचा रस पंपानं उचलून दिवसातून दोन-तीनदा त्या थरावर सोडतात. हे जितके दिवस चालेल तितकी वाईन गडद आणि तुरट होते. अशी तुरट वाईन निवायला मग वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पुन्हा पैसा. चांगली स्वस्त लाल करणारा इथे हात आवरता घेतो. त्याची वाईन रंगानं जरा हलकी, चवीला मऊ आणि वर्षभरात पिण्याजोगी होते. काचेपलीकडचं काही दिसत नाही इतकी काळीभोर वाईन म्हणजे भारी वाईन, ही समजूत महागात पडते.

नाशिकच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठीची गोडी छाटणी. त्यामुळे युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणारी द्राक्षतोड इथे जानेवारी ते मार्चमध्ये होते. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की खायच्या द्राक्षाचा बागायतदार धास्तावतो. वाईनवाल्याला मात्र रात्रीचा हा गारवा हवा असतो, कारण त्यानं फळातली आंबट धार टिकते. कॅबरने सोव्हिन्यॉं हे वाण उशिरा पिकतं आणि नीट पिकलं नाही तर वाईनला भोपळी मिरचीचा वास येतो. नाव मोठं म्हणून लोक तेच मागतात. कमी पैशांत शिराझ किंवा झिनफँडेल जास्त भरवशाची, हे या लेखमालेचं मत. कॅलिफोर्नियात शिकून परतलेल्या राजीव सामंतांच्या सुला वाइनरीनं झिनफँडेल हे तिथलं लाडकं वाण नाशिकला आणलं. झिनफँडेलचा रसाळपणा तिखट जेवणाशी जुळतो. मिरचीबरोबर तुरट वाईन आणखी कडवट लागते. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीनं टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या हाताखाली सांजोव्हेझे हे इटालियन वाण सोलापूर जिल्ह्यात रुजवलं. त्यांच्या साध्या श्रेणीतल्या बाटल्याही चाखून पाहाव्यात.

एकाच कंपनीच्या बाटल्यांतही पायऱ्या असतात. सुलाची साधी शिराझ-कॅबरने हजाराच्या आगेमागे मिळते, ओकमध्ये मुरलेली दिंडोरी रिझर्व्ह शिराझ त्याच्या वर आणि ‘रासा’ आणखी वर. ‘रिझर्व्ह’ या शब्दावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. स्पेनच्या रिओहात ‘रेसेर्वा’ म्हणजे तीन वर्षं मुरलेली आणि त्यातलं किमान एक वर्ष ओकमध्ये काढलेली वाईन, असा नियमच आहे. अमेरिकेत त्या शब्दाला अशी कायद्याची चौकट नाही, कोणीही छापावा.

इथल्या वाईनला सरकारचाही हात आहे. महाराष्ट्रानं 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून स्थानिक वाईनला करसवलती दिल्या. परदेशी बाटलीचं गणित याच्या उलट. आयात वाईनवरचं सीमाशुल्क वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलं आहे. बंदरात 300 रुपयांना उतरलेली बाटली तिथेच 750 ची होते. त्यावर आयातदार, राज्याचे कर आणि दुकानदार. दुकानात दोन हजारांना मिळणारी ‘इंपोर्टेड’ मूळ गावी फार साधी असू शकते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला, पण त्यातली सवलत किमान 5 डॉलर आयातमूल्याच्या बाटल्यांनाच मिळते. अगदी स्वस्त बाटलीला काहीच नाही. लंडनच्या मराठी मंडळींचा हिशोब आणखी निराळा. ब्रिटनमध्ये अबकारी कर किमतीवर नव्हे, तर बाटलीतल्या अल्कोहोलवर ठरतो आणि नेहमीच्या लाल वाईनवर तो अडीच पौंडांहून जास्त बसतो. सहा पौंडांच्या बाटलीत वाईनच्या वाट्याला चिल्लर उरते. तिथे दोन पौंड जास्त मोजले, तर त्यातला मोठा भाग खरोखर वाईनकडे जातो.

दुकानात गेल्यावर आधी जागा पाहावी. आपल्याकडच्या बहुतेक वाईन शॉपमध्ये खपते ती बिअर आणि व्हिस्की. वाईन कोपऱ्यात, नाहीतर उन्हाच्या काचेत उभी. एप्रिल-मेची काहिली तिथे काढलेल्या बाटलीत शिजवलेल्या फळाची चव उतरते, मग लेबल कोणतंही असो. वर्दळीचं, एसी असलेलं दुकान गाठावं आणि लेबलावर द्राक्षाच्या हंगामाचं वर्ष किंवा बाटली भरल्याची तारीख शोधावी. ओक न लावलेली स्वस्त लाल दोन-तीन वर्षांत संपवायची असते. ठेवून ती सुधारत नाही. स्क्रू-कॅपला नाक मुरडू नये. सुलाच्या बहुतेक बाटल्यांना तेच झाकण असतं, आणि बूच सुकून हवा आत जाण्याची भीती त्यात नसते. महाराष्ट्रात वाईन घेणाऱ्याचं वय 21 पूर्ण हवं आणि कायद्यानं परवानाही लागतो; तो ऑनलाइन निघतो.

एवढं करून आणलेली बाटली घरी बिघडते ती ‘लाल वाईन फ्रिजमध्ये ठेवत नाहीत’ या नियमामुळे. तो थंड देशातल्या खोल्यांचा नियम. लाल वाईन 16 ते 18 अंशांना खुलते आणि ठाण्या-पुण्यातली मे महिन्याची खोली 30 च्या वर असते. तेवढ्या उष्णतेत आधी अल्कोहोल नाकात शिरतं, फळ मागे पडतं. ओतण्याआधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. उरली तर झाकण घट्ट लावून पुन्हा तिथेच. दोन-तीन दिवस ती बऱ्यापैकी टिकते.