हळदीचा रंग आणि पुण्यातलं मशीन

आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. पापड, कुरडया, मसाले आणि मुख्य म्हणजे हळद. व्यापाऱ्याकडून हळकुंडं आणायची, चक्कीवर दळायची, पाव-पाव किलोची पाकिटं भरायची. सांगलीच्या बाजूच्या आम्ही, हळदीचं आम्हाला कुणी काय सांगावं, असा तोरा होताच. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढेसुद्धा वाटले होते!

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका मेसवाल्या बाईंनी महिन्याला वीस किलोची ऑर्डर देऊ केली. अट एकच, शिशाचा रिपोर्ट आणा. हळदीत शिसं? आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. तरी नमुना पाठवला. आठ दिवसांनी कागद आला. शिसे 212 मिलिग्रॅम प्रति किलो. कायद्याची मर्यादा 10. आणि खाली तपासणीची पद्धत लिहिलेली, आयसीपी-एमएस.

बैठकीत एकच गलका. "मशीनच चुकलं असेल," "कोण बघायला येतंय, स्थानिक बाजारात विकून टाकू," असंही एकीने म्हणून घेतलं. तिला दोष देत नाही. ऐंशी किलो माल पडून होता आणि पैसे बँकेच्या कर्जाचे होते. पण आमच्यातल्याच एका वहिनींची सून सातव्या महिन्यात होती आणि तिच्या घरी हीच हळद डब्यात होती. वहिनी त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत.

माझी पुतणी पुण्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. तिला फोन केला. म्हणाली, "काकू, मशीन चुकलं की नाही ते इथे येऊनच बघा."

मी बी. ए. झालेली, विज्ञान दहावीतच सुटलं. तरी जे पाहिलं ते सांगते. तिने अर्धा ग्रॅम हळद घेतली, म्हणजे चिमूटभरच. बंद भांड्यात नायट्रिक आम्लाबरोबर घालून खास मायक्रोवेव्हमध्ये तापवली. हळद पार विरघळून पातळ पाणी झालं. ते पाणी एका बारीक नळीतून मशीनमध्ये जातं आणि तिथे त्याचा फवारा होतो, अत्तराच्या बाटलीसारखा. मोठे थेंब गाळले जातात, अगदी बारीक धुकं तेवढं पुढे जातं. आणि ते धुकं शिरतं आगीत.

आग म्हणजे आपल्या शेगडीची नव्हे. काचेच्या छोट्या खिडकीतून मी पाहिली, पांढरट निळी, डोळे दिपवणारी. क्वार्ट्झची नळी, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे दोन-तीन वेढे, आत आरगॉन वायू. "काकू, तुमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे ना? कॉइलमध्ये वीज, आणि तापतं वरचं भांडं. इथे भांड्याच्या जागी वायूच आहे," ती म्हणाली. फक्त इथली वीज सेकंदाला दोन कोटी सत्तर लाख वेळा पुढे-मागे होते. सुरुवातीला एक ठिणगी द्यावी लागते. मग वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन वायूच्या अणूंवर आदळत राहतात आणि तापमान सहा ते दहा हजार अंशांवर जातं. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त! याला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज, ट्यूबलाइटच्या आतला उजेड, हे त्याचेच भाऊबंद.

पण मुळात हा एवढा जाळ कशाला? मी विचारलंच. तिचं उत्तर मला फार आवडलं. मशीनला अणूंचं वजन करायचं असतं, आणि अणू काही तराजूत बसत नाही. त्याला विजेच्या जोरावर वळवूनच ओळखावं लागतं. साध्या अणूवर विजेचा भार नसतो, त्यामुळे तो वळत नाही. प्लाझ्मात गेला की त्याचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि त्याच्यावर भार येतो. शिशाचे तर जवळजवळ सगळेच अणू असे भारित होतात. मग निकेलच्या शंकूच्या मिलिमीटरभर भोकातून ते निर्वात पोकळीत ओढले जातात, चार दांड्यांच्या मधून जातात. त्या क्षणी ज्या वजनाची पाळी असेल तेवढेच अणू पार होतात, बाकीचे भरकटतात. पलीकडे एकेक करून मोजणी. ही जोडणी अमेरिकेतल्या आयोवामध्ये जमली. हाउक, फासेल आणि इंग्लंडचे ग्रे यांनी सहकाऱ्यांसह 1980 मध्ये ती जगापुढे मांडली.

मशीन फसत नाही असंही नाही हं. आरगॉन चाळीस वजनाचा, मिठातला क्लोरीन पस्तीसचा. दोघं आगीत चिकटले की पंच्याहत्तर, आणि नेमकं तेवढंच वजन आर्सेनिकचं! म्हणून खारट पदार्थात विषाचा खोटा भास होऊ शकतो. त्यावर हेलियम वायूचा उपाय करतात. "पण शिशाच्या बाबतीत असे तोतये जवळपास नसतात, काकू," ती म्हणाली. मी गप्प झाले.

तिच्याकडचा आकडाही दोनशेच्या पुढेच आला. शिवाय तिने क्रोमियम बघितलं, ते शिशाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. लेड क्रोमेट नावाच्या पिवळ्या रंगात शिशाच्या एका अणूला क्रोमियमचा एकच अणू असतो आणि शिसं चौपट जड. म्हणजे मातीतून आलेलं शिसं नव्हतं हे. हळकुंडं पॉलिश करताना कुणीतरी रंगच चोपडला होता.

बांगलादेशात हेच झालं होतं. तिथे खेड्यातल्या गर्भवती बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि उगम कळत नव्हता. शिशाचे अणू थोड्या वेगवेगळ्या वजनांचे असतात आणि त्यांचं प्रमाण खाणीगणिक बदलतं. रक्तातलं प्रमाण आणि हळदीतलं प्रमाण जुळवून 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तिथल्या सहकाऱ्यांसह चोर पकडला. त्याच वर्षी सरकारने बाजारात छापे घातले. शिसं सापडणारे हळदीचे नमुने 2019 मध्ये शंभरात 47 होते, 2021 मध्ये शून्य. दोन वर्षांत! शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं आणि गर्भारपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोहोचतं, हे मला त्या दिवशी कळलं. परतीच्या एसटीत वहिनींची सून डोळ्यांसमोरून हलेना.

सुनेचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी हळद बंद करायला सांगून पुन्हा तपासणी ठेवली. बाळ आता पाच महिन्यांचं आहे, हसरं आहे, त्याचीही तपासणी व्हायची आहे. व्यापाऱ्याने हात वर केले. पुढून माल येतो तसा देतो, म्हणाला. आम्ही अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे. ऐंशी किलो हळद पिंपात सील करून "वापरू नये" अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. कर्जाचा हप्ता प्रत्येकीने थोडा थोडा भरला. विकून टाकू म्हणणारीने सगळ्यात आधी.

आता ओली हळद थेट शेतकऱ्याकडून घेतो, स्वतः शिजवतो, वाळवतो, पिंपात फिरवून पॉलिश करतो. नव्या नमुन्यात शिसं एक मिलिग्रॅमच्याही आत आलं. मेसवाल्या बाईंनी पहिले वीस किलो नेले. परवा त्यांचा फोन आला. "ताई, हळद चांगली आहे हो, पण यावेळी रंग जरा कमी वाटतोय."