फोटोशेजारची माहिती आणि फोटोतली माहिती

1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. 6 एप्रिलला तिथे गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्या आंदोलनातली माणसं ओळखणारे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. बेळगावात सीमाप्रश्नाच्या आंदोलनांतल्या 17 जानेवारी 1956 आणि 1 जून 1986 या दोन तारखांचं तसंच आहे. अशा दिवसांचे फोटो, आणि त्यांच्याबरोबर साखरपुड्यांचे, शाळेच्या गॅदरिंगचे, पतपेढीच्या उद्घाटनाचे फोटो या पट्ट्यातल्या घरोघरी आता स्कॅन होऊ लागले आहेत. नातवंडं आजोबांना शेजारी बसवून नावं विचारतात आणि टाइप करून ठेवतात. काम अडतं ते त्यानंतर. टाइप केलेली माहिती फोटोच्या फाइलमध्ये नीट बसत नाही. मग सल्ले सुरू होतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

पहिला आणि सर्वांत पक्का गैरसमज असा की, फोटोशेजारी त्याच नावाची छोटी फाइल दिसते म्हणजे माहिती फोटोत गेली. ती गेलेली नसते. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलची आतली मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी आणि बहुधा अप्रकाशित असते. म्हणून बरेच प्रोग्राम तिला हात न लावता शेजारी एक्सएमपी नावाची साइडकार फाइल ठेवतात. एक्सएमपी ही पद्धत ॲडोबीने 2001 मध्ये आणली आणि 2012 मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. फोटो आणि साइडकार यांच्यात नावाखेरीज कसलाही धागा नसतो. फोटोचं नाव बदललं, किंवा पेनड्राइव्हवर नुसते फोटो उचलून दिले, की माहिती मागेच राहते.

साइडकारचं हे नावही प्रत्येक प्रोग्राम आपल्या पद्धतीने देतो. लाइटरूम मूळ नावातली शेवटची तीन अक्षरं काढून त्याजागी एक्सएमपी लावतं. डार्कटेबल पूर्ण नाव तसंच ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडतं. एकाची साइडकार दुसऱ्याला सापडली नाही की लोक म्हणतात, फाइल खराब झाली. फाइल चांगली असते, फक्त नाव जुळत नसतं. शिवाय जेपेगच्या बाबतीत लाइटरूम क्लासिक शेजारची एक्सएमपी सहसा वाचतच नाही, कारण जेपेगची माहिती आतच असणार असं ते गृहीत धरतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. कॅमेऱ्याचा आकडा 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो. दाट मुहूर्तांच्या दिवसांत दोन कॅमेरे, तीन कार्डं आणि चार लग्नं असतात, त्यामुळे 0412 क्रमांकाचे दोन फोटो निघणं अगदी स्वाभाविक आहे. ते एका फोल्डरमध्ये आले की खानापूरच्या वधूचं नाव चिक्कोडीच्या लग्नाला चिकटतं, आणि कोणताही प्रोग्राम तक्रार करत नाही. साइडकारमधली माहिती फोटोच्या आत भरण्याआधी फाइलनावांत तारीख घालून घ्यावी. ती घालताना फोटो आणि साइडकार दोन्हींची नावं एकाच झपाट्यात बदलावीत.

‘गूगलने तारखा पुसल्या’

गूगल फोटोजमधून टेकआउट करून सगळे फोटो उतरवले की प्रत्येकाबरोबर एक जेसन फाइल येते आणि संगणकावर तारखा उलटसुलट दिसू लागतात. तारखा पुसल्या गेल्या असा लगेच समज होतो. वस्तुस्थिती अशी की, फोटो चढवताना त्याच्या आत जी तारीख होती ती सहसा तशीच असते. संगणक दाखवतो ती फाइल उतरवल्याची तारीख. जेसनमध्ये असतात त्या नंतर गूगलमध्ये केलेल्या दुरुस्त्या: हाताने बदललेली तारीख, लिहिलेलं वर्णन, नकाशावर टेकवलेलं ठिकाण. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंच्या बाबतीत मात्र सगळी मोलाची माहिती याच दुरुस्त्यांत असते, म्हणून जेसन आत भरणं गरजेचं ठरतं.

ते भरताना तीन गोष्टी हमखास आडव्या येतात. एक, नावं. लांब नाव असेल तर जेसनचं नाव मध्येच कापलेलं असतं. एकाच नावाच्या दोन फोटोंपैकी दुसऱ्याला लागणारा कंसातला 1 फोटोच्या नावात शेवटच्या टिंबाच्या आधी असतो, तर जेसनच्या नावात तो बहुधा नंतर येतो. गूगलमध्ये कापून-उजळून घेतलेल्या प्रतीला स्वतःचं जेसन मिळतच नाही, तिला मूळ फोटोचंच द्यावं लागतं. 2024 च्या अखेरीपासून या जेसनच्या नावात आणखी एक लांबलचक शेपूट आलं आहे, त्यामुळे त्याआधीच्या स्क्रिप्टना जोड्याच सापडत नाहीत.

दोन, वेळ. जेसनमधली वेळ 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांत आणि ग्रिनिचच्या हिशेबाने असते. ती तशीच फोटोत उतरली तर साडेपाच तास मागे पडतात. संध्याकाळी 6.40 च्या गोरज मुहूर्ताचा फोटो दुपारी 1.10 चा दिसतो आणि पहाटे 5 ची काकड आरती आदल्या दिवशी जाते. सगळ्या फोटोंत फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. आणि ढीगभर फोटो 1 जानेवारी 1970, पहाटे 5.30 असे दिसत असतील, तर तिथे वेळ नव्हतीच. रिकाम्या जागेचं शून्य झालं आणि शून्याचा अर्थ आपल्याकडे तोच निघतो.

तीन, फाइलचा खरा प्रकार. नाव जेपेगचं आणि आत पीएनजी किंवा आयफोनचं हाइक, असं नेहमी आढळतं. फोटोत माहिती लिहिणारा एक्झिफटूल हा प्रोग्राम अशा फाइलवर लिहायला नकार देतो आणि ती कशासारखी दिसते तेही सांगतो. तो संदेश वाचावा, शेवटची अक्षरं दुरुस्त करावीत आणि पुन्हा चालवावं.

एक्झिफटूल हे या कामातलं सर्वांत भरवशाचं साधन आहे. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातले फिल हार्वे ते 2003 पासून जोपासत आले आहेत आणि ते फुकट मिळतं. आज्ञा टाइप करण्याची धास्ती वाटत असेल त्यांनी डिजिकॅम वापरावं. तेही फुकट आहे.

‘माहिती लिहिली की फोटोचा दर्जा घसरतो’ ही भीतीही निराधार आहे. जेपेगच्या फाइलमध्ये माहितीचे कप्पे वेगळे आणि चित्राचा भाग वेगळा असतो. एक्झिफटूल कप्पे बदलतं, चित्र पुन्हा दाबत नाही. दर्जा घसरतो तो फोटो संपादकात उघडून पुन्हा सेव्ह केल्यावर. एवढं खरं की पूर्ण फाइलची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, बदलते. म्हणून संग्रहाचं काम करणाऱ्यांनी ती आधीची आणि नंतरची अशी दोन्ही टिपून ठेवावी.

‘मराठी चालत नाही, इंग्रजीत लिहा’

हा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो निम्मा खरा वाटतो. आजी जे नाव सांगते ते देवनागरीत जसं येतं तसं रोमनमध्ये येत नाही, आणि बेळगाव-निपाणीत तर एकाच आडनावाची स्पेलिंगं मराठी शाळेत वेगळी, कन्नड कार्यालयात वेगळी. मराठीतून लिहिता येतं. अडचण कुठे आहे ते मात्र माहीत हवं.

फोटोत माहितीची तीन वेगवेगळी दालनं आहेत. पहिलं एक्झिफ, कॅमेऱ्यासाठी 1995 मध्ये जपानमध्ये ठरलेलं. त्यातल्या वर्णनाच्या रकान्यात मूळ मानकाप्रमाणे फक्त साधी इंग्रजी अक्षरं बसतात. इतर लिप्यांना तिथे अधिकृत जागा मिळाली ती 2023 मधल्या तिसऱ्या आवृत्तीत. दुसरं आयपीटीसी, वृत्तसंस्थांच्या वापरातलं. त्यात देवनागरी बसते, पण ‘इथला मजकूर यूटीएफ-8 मध्ये आहे’ असं सांगणारी तीन बाइटांची खूण आधी घालावी लागते. ती नसेल तर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तिसरं एक्सएमपी, जे पहिल्यापासून युनिकोडमध्ये आहे. म्हणून वर्णन, नावं आणि शोधशब्द एक्सएमपीत लिहावेत, आयपीटीसीत खुणेसह त्यांची प्रत ठेवावी आणि एक्झिफकडे तारीख सोपवावी.

आयपीटीसीला लांबीच्या मर्यादाही आहेत आणि त्या बाइटांत मोजल्या जातात. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, मग तो काना असो, वेलांटी असो की हलन्त, 3 बाइट घेतं. शोधशब्दाला 64 बाइट मिळतात. ‘महाराष्ट्र एकीकरण समिती’ मोजून पाहा: 21 चिन्हांचे 63 आणि मधल्या दोन जागांचे 2, एकूण 65. फक्त एक बाइट जास्त, आणि शेवटची वेलांटी तुटते. गावाच्या रकान्याला 32 बाइट आहेत. ‘निपाणी’चे 18 होतात, ते आरामात बसतात, पण ‘निपाणी, जि. बेळगाव’चे 46 होतात आणि जिल्ह्याचं नाव कापलं जातं. एक्झिफटूल कापताना सूचना देतं. शेकडो फोटो एका दमात चालवताना ती सूचना पडद्यावरून सरकून जाते, म्हणून तिची नोंद फाइलमध्ये घ्यावी. एक्सएमपीत असं बंधन नाही.

विंडोजवर दुसरंच दुखणं असतं. फोल्डरचं नाव ‘निपाणी 1981’ असं देवनागरीत असेल तर एक्झिफटूलला फाइल सापडत नाही आणि माणूस साइडकार तपासत बसतो. फाइलनावांची लिपी यूटीएफ-8 आहे असं सांगणारा पर्याय त्यात आहे, तो द्यावा. ते जमत नसेल तर काम संपेपर्यंत फोल्डरला साधं इंग्रजी नाव ठेवावं. मराठी मजकूरही आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत थेट टाइप करू नये. तो यूटीएफ-8 मध्ये सेव्ह केलेल्या मजकूर फाइलमधून द्यावा.

ज्यांच्याकडे जुन्या वृत्तपत्रांतल्या किंवा स्मरणिकांतल्या फोटोओळी संगणकात आहेत, त्यांनी आणखी एक तपासावं. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर त्या फॉन्टमध्येच मराठी दिसतो. फोटोत भरला की तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ होतो. त्यात साइडकारचा काही दोष नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं आणि मग डोळ्यांनी वाचावं, विशेषतः रफार आणि ‘ऱ्या’. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द संगणकात एकाहून जास्त प्रकारे साठतो. दिसायला सगळे सारखे, पण एका प्रकारे शोधलं तर दुसरा सापडेलच असं नाही. म्हणून शोधशब्दांत नुसतं ‘शेतकरी’ही ठेवावं.

तारीख आणि गाव

‘1970 पूर्वीची तारीख फोटोत लिहिता येत नाही’ असं ठासून सांगणारे भेटतात. एक्झिफमधली तारीख साध्या मजकुरासारखी असते, तिथे 1956 बिनदिक्कत बसतं. अडचण येते ती फाइलच्या बाहेरच्या तारखेला. पेनड्राइव्हवर नेहमी असणारी फॅट32 पद्धत 1980 च्या आधीची तारीख ठेवूच शकत नाही. म्हणून फाइलची तारीख बदलण्याच्या खटपटीत पडू नये. फोटो काढल्याची तारीख आणि स्कॅन केल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने आतच आहेत, ते दोन्ही भरावेत. नुसतं वर्ष माहीत असेल तर एक्सएमपीत ‘1956’ एवढंच लिहिता येतं. 1 जानेवारी अशी ठोकून दिलेली तारीख वीस वर्षांनी कुणीतरी खरी मानेल, आणि जानेवारी 1956 मध्ये या भागात एकेका दिवसाला अर्थ आहे.

ठिकाणाच्या बाबतीत चूक ओळखायला नकाशा पुरतो. निपाणी साधारण 16.40 उत्तर, 74.38 पूर्व. काही प्रकारच्या फाइलींत आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो. तो क्रम उलटला तर निपाणी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाते. पूर्वेच्या जागी पश्चिम पडलं तर हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात. आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर फोटो दिसले तर जेसनमध्ये ठिकाणच नव्हतं, शून्य-शून्य उतरलं. अक्षांश-रेखांशावरून गावाचं नाव आपोआप भरणारे प्रोग्राम जवळचं मोठं गाव उचलतात. सीमेवर त्याचा परिणाम असा होऊ शकतो की कोगनोळीतला फोटो कागलच्या नावावर, म्हणजे दुसऱ्या राज्यात जातो. इथे नाव हातानेच भरावं.

राज्याच्या रकान्यात आजचं राज्य लिहावं की त्या दिवसाचं? 1956 च्या जानेवारीत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून म्हैसूर राज्यात. राज्याचं नाव कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला आणि शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं 1 नोव्हेंबर 2014 ला. रकान्यात आजचं ठेवावं म्हणजे शोध लागतो. त्या दिवसाचं वर्णनात लिहावं, आणि शहराची सगळी रूपं शोधशब्दांत द्यावीत.

‘अमुक इतके फोटो अद्ययावत झाले’ ही ओळ आली म्हणजे काम फत्ते, हाही भ्रमच. ती ओळ फाइल लिहिली गेली एवढंच सांगते. तिथे प्रश्नचिन्हं लिहिली की नावं, ते सांगत नाही. आधी पाचच फोटोंवर चालवावं: एक जोडाक्षरांच्या नावाचा, एक लांब वर्णनाचा, एक 1970 पूर्वीचा, एक कंसातल्या आकड्याचा, एक ठिकाण नसलेला. मग ते दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रोग्राममध्ये, साइडकारशिवाय उघडून पाहावेत. एक्झिफटूल मूळ प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवतं. जागा वाचवायला ती लगेच पुसू नये, आणि साइडकारही पुसू नयेत.

एवढं करून फोटो गावच्या ग्रुपवर टाकला की व्हॉट्सॲप आतली माहिती काढून टाकतं. जुने फोटो गोळा करताना म्हणूनच ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगावं. आणि त्याच वेळी फोटोची मागची बाजूही मागून घ्यावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेली तारीख आणि बहुतेकदा कडेने बारीक अक्षरात लिहिलेली नावं तिथेच असतात.