‘बायोसिक्युरिटी पाळा’ म्हणजे नेमकं काय करायचं? शब्द फोडला की कळतं

पोल्ट्रीवाल्यांना हा शब्द नवीन नाही. कंपनीचा सुपरवायझर शेडवर आला की सांगतो, ‘बायोसिक्युरिटी पाळा.’ सरकारी पत्रकात त्यालाच ‘जैवसुरक्षा’ म्हणतात. शब्द जड वाटतो, म्हणून बरेच जण मान हलवून सोडून देतात.

‘बायो’ आला ग्रीक भाषेतल्या ‘बिओस’वरून. अर्थ जीवन. आपला ‘जीव’ आणि हा ‘बिओस’ एकाच जुन्या मुळातून फुटलेले, म्हणजे लांबचे भाऊबंदच. ‘सिक्युरिटी’चं मूळ लॅटिनमध्ये. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. थोडक्यात, जिवाला घोर नसणं.

इंग्रजीत ‘बायोसेफ्टी’ असा दुसरा शब्द आहे. ‘सेफ’ आला लॅटिन ‘साल्वुस’वरून, म्हणजे धडधाकट, अखंड. संस्कृतातला ‘सर्व’ त्याचा नातलग. हा शब्द मुख्यतः प्रयोगशाळेतला. जंतूंवर काम करणाऱ्याला बाधा होऊ नये आणि जंतू बाहेर पडू नयेत, हे त्यात पाहतात. अशा प्रयोगशाळांच्या चार पातळ्या असतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत सगळ्यात कडक, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे.

मराठीत दोन्हीला ‘जैवसुरक्षा’च म्हणतात. त्यामुळे घोळ होतो. हे शास्त्रज्ञांचं काम, आपलं नाही, असं वाटतं. पण शेडवरची जैवसुरक्षा वेगळी. तिथे रोग बाहेरून आत येऊ द्यायचा नसतो, अन् आलाच तर शेजारच्या शेडवर जाऊ द्यायचा नसतो.

हे हलक्यात घेण्यासारखं नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. रोग पसरू नये म्हणून तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले.

असा रोग चपलांना, गाडीच्या चाकांना, पक्ष्यांच्या क्रेटना चिकटूनही येतो. म्हणून शेडसाठी वेगळे गमबूट ठेवावेत. दारात जंतुनाशकाचं पाणी ठेवून त्यात पाय बुडवूनच आत जावं. बाहेरच्या माणसाला उगाच आत सोडू नये. कावळे-चिमण्या शिरू नयेत म्हणून जाळी धडकी ठेवावी. एकदम जास्त पक्षी मेले तर उकिरड्यावर न टाकता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

शब्दाचा अर्थ ‘बिनघोर’ असला, तरी रोज दारात एवढी काळजी घेतली तरच रात्री बिनघोर झोप लागते.