हिरवा चुडा, हिरवा पडदा

लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओंना एक अडचण नेहमीची आहे. नवरीच्या हातात हिरवा चुडा आणि मागे हिरवा पडदा. सॉफ्टवेअरला ‘हिरवं तेवढं काढ’ म्हटलं, की पडद्याबरोबर बांगड्याही जातात आणि मनगटाच्या जागी मागे जोडलेला डोंगर दिसू लागतो. निळा पडदा लावला तर शालूचे निळे काठ जातात. कॅमेऱ्याला नुसता रंग कळतो, वस्तू कळत नाही. या एका मर्यादेतून वाट काढण्यात रंगीत पडद्याच्या तंत्राची ऐंशीहून अधिक वर्षं गेली आहेत.

सुरुवात सिनेमानं केली. 1940 च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये लॅरी बटलर यांनी निळा पडदा वापरला आणि त्यासाठी ऑस्कर मिळवलं. निळ्याची निवड झाली ती माणसाच्या त्वचेत निळा अंश कमी असतो म्हणून. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी रंगांमधल्या फरकावर आधारलेली पद्धत बसवली, आणि 1959 च्या ‘बेन-हर’नंतर केस, धूर, पातळ कापड यांच्या कडा सुधारू लागल्या. डिजिटल कॅमेरे आल्यावर हिरव्यानं बाजी मारली. कोडॅकचे ब्राइस बेयर यांच्या रचनेत सेन्सरवरच्या निम्म्या पेशी हिरव्या असतात. त्यामुळे हिरव्याची माहिती सगळ्यात स्वच्छ मिळते.

स्थिर छायाचित्राला ही साधनं मिळाली ती सिनेमाच्याच घरातून. 1990 मध्ये बाजारात आलेलं फोटोशॉप नोल बंधूंनी घडवलं, आणि त्यांतले जॉन नोल ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यपरिणामांसाठी गाजलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये काम करत होते.

खरं काम कडेवर असतं. कपाळावरची एखादी बट एका पिक्सेलपेक्षाही बारीक असते, म्हणून त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडा पडदा असं मिश्रण उतरतं. फोटोशॉपमधलं मॅजिक वाँड हे रंगावरून भाग निवडणारं साधन अशा पिक्सेलला ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढंच म्हणू शकतं, आणि डोकं कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. अल्फा हा त्यावरचा उपाय आहे. प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर पारदर्शकतेचाही आकडा द्यायचा. एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी ही कल्पना मांडली. फोटोशॉपचा लेयर मास्क त्याच तत्त्वावर चालतो. जिंप या सॉफ्टवेअरमधलं ‘कलर टू अल्फा’ही तेच करतं, मात्र मूळ वस्तूत पडद्याचा रंग मिसळलेला असेल, तर तीही अर्धवट पारदर्शक होते.

पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड गालावर आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडतो, तो प्रश्न वेगळा. पिक्सेलमधला हिरवा आकडा लाल-निळ्यातल्या मोठ्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उतारा. पण माणूस पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे उभा केला आणि पडद्याला वेगळे दिवे दिले, तर त्याची गरजच फारशी उरत नाही. जेपीईजी फाइल रंगाचा तपशील बहुधा उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवते आणि कडेला चौकोनी डाग उमटतात, म्हणून असं काम कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्येच टिपावं.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांचा 1996 चा निबंध. एका पिक्सेलमधून आपल्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळतात. पडद्याचा रंग माहीत असला, तरी वस्तूचे तीन रंग आणि तिची पारदर्शकता अशा चार गोष्टी शोधायच्या राहतात. तीन समीकरणांतून चार अज्ञातं सुटत नाहीत. म्हणजे एका पडद्यावरून बिनचूक कट काढणं गणितानंच अशक्य आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर कुठेतरी अंदाज घालतं. पण तीच वस्तू दोन वेगळ्या रंगांसमोर टिपली, तर तीनाचे सहा आकडे होतात आणि उत्तर मिळतं. धावणाऱ्या नटाला हे जमत नाही, टेबलावर ठेवलेल्या वस्तूला जमतं. स्थिर छायाचित्राचा हा हक्काचा फायदा आपल्याकडे फारच थोडे लोक वापरतात.

2018 पासून रिमूव्ह.बीजीसारख्या सेवा एका क्लिकवर बॅकग्राउंड काढून देतात. त्या रंगाऐवजी आकार ओळखतात, म्हणून हिरवा चुडा सहसा शाबूत राहतो. ओळखपत्राच्या फोटोला त्या पुरेशा आहेत. काच, जाळी आणि मोकळे केस यांवर मात्र त्या अजून अंदाजच बांधतात, आणि जतन करायच्या वस्तूच्या फोटोत अंदाज मला मान्य नाही.

तेव्हा वाड्यातली काचेची हंडी किंवा आजीच्या साडीची जाळीदार लेस टिपायची असेल, तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा, एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा आणि एक फोटो काळ्या, दुसरा पांढऱ्या कागदासमोर काढा. दोन्ही फोटो लेयर म्हणून एकावर एक ठेवून ‘डिफरन्स’ हा ब्लेंड मोड लावा, निकाल उलटा करा, की मास्क तयार होतो. काळ्यासमोरच्या फोटोतले रंग त्या मास्कनं भागले, की वस्तूचा मूळ रंग हाती येतो. काचेतून वाकडं दिसणारं मागचं दृश्य यात येत नाही, पण तिची पारदर्शकता नेमकी उतरते. दोन्ही मूळ फोटो मात्र जपून ठेवा.